कळलावी : एका बदनाम वेलीचा इतिहास



जाई, जुई, शेवंती, अबोली ही फुलांची नावे आपण मुलींना देतो. कळलावी हे नाव कोणी आपल्या मुलीला दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट एखादी बाई दोन घरांत भांडण लावते असे वाटले, की तिला कळलावी म्हणतात आणि पुरुषाला कळलाव्या. माझ्या धंद्यात हे विशेषण मला पुष्कळ वेळा मिळालेले आहे. पगारवाढीचे मागणीपत्र घेऊन दारात उभा राहणारा माणूस मालकाच्या दृष्टीने कळलाव्याच असतो. कामगार सुखात होते, ह्याने येऊन कळ लावली, असा तो युक्तिवाद. तेव्हा ह्या वेलीविषयी मला प्रथमपासून थोडी आपुलकी आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे माझ्याकडून तिचा पक्षपात झालाच, तर तो कोठून आला हे आपल्याला ठाऊक असावे.

वेल आपल्यातील बहुतेकांनी पाहिलेली असणार, मात्र नावानिशी ओळखली असेलच असे नाही. श्रावण-भाद्रपदात पन्हाळ्याच्या उतारावर, राधानगरीच्या वाटेवर, किंवा गगनबावड्याकडे जाताना कुंपणाच्या झुडपांतून एकदम ज्वाळा वर आल्यासारखे फूल दिसते, तीच ही. फुलाला सहा पाकळ्या असतात. त्या खाली न लोंबता मागे वळून वर उभ्या राहतात आणि त्यांच्या कडा लाटांसारख्या मुरडलेल्या असतात. प्रथम फूल हिरवट-पिवळे, मग बुडाशी पिवळे व टोकाशी तांबडे, आणि शेवटी सगळेच रक्तासारखे लाल. एकाच वेलीवर ह्या तिन्ही अवस्था एकत्र दिसतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वेलीवर तीन जातींची फुले आहेत की काय असे वाटते. पानाचे टोक लांब होऊन तणावा बनतो आणि त्या तणाव्याने वेल शेजारच्या काटकीला मिठी मारून वर चढते. चढण्यासाठी पानाचेच टोक वापरणाऱ्या वेली फार थोड्या आहेत. दिवाळीनंतर वेल वाळते, जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही, आणि खाली कंद निजून राहतो तो पुढल्या मृगापर्यंत. ही वेल आपल्याच मातीतली आहे. भारत, श्रीलंका, आग्नेय आशियाचा काही भाग आणि आफ्रिका ही तिची जन्मभूमी. गुलबक्षी व निशिगंध आपण अगदी घरचे मानतो, पण ती दोन्ही फुले अमेरिका खंडातून आलेली. घरची असून परकी ठरली ती कळलावी.

आता नावाकडे वळू. मराठीत कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे भांडणही. पोटात कळ येते, तशी कोणाची तरी कळ काढताही येते. बाळंतपणाच्या वेदनांना आपण कळाच म्हणतो. ह्या वेलीचा कंद अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून वापरीत असत, म्हणून ती कळ लावणारी, असा एक अर्थ. दारात लावली की घरात भांडणे लागतात, म्हणून कळलावी, असा दुसरा. दुसरा अर्थ केवळ अडाणी लोकांचा आहे असे समजू नये. संस्कृतातही तिला कलिकारी म्हटले आहे, आणि कलि म्हणजे कलह. गंमत अशी की त्याच संस्कृतात तिचे कलिहारी असेही नाव चालते. एक अक्षर बदलले की कलह करणारी वेल कलह हरण करणारी होते. मालकाच्या तोंडी कलिकारी आणि कामगाराच्या तोंडी कलिहारी अशी माणसेही मी पाहिली आहेत. पण तो विषय वेगळा.

मराठीत तिला खड्यानाग, वाघनखी, इंदई अशीही नावे आहेत. कोकणात काही गावांत तिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात व गौरीच्या पूजेत ती मांडतात. आपल्याकडे गौर तेरड्याची. पण घाट उतरून गेले की ज्या वेलीला भांडखोर म्हणून दारात उभी करीत नाहीत, तिचीच फुले माहेरवाशिणीच्या अंगावर हात म्हणून शोभतात. लोकांच्या समजुतींना एकच तोंड नसते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

वैद्यकाच्या ग्रंथांत तिचे मुख्य नाव लांगली. लांगल म्हणजे नांगर. कंद उकरून पाहिला की नाव का पडले ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दोन बोटे फाकवावीत तशा दोन भुजा, मध्ये कोन, हुबेहूब लाकडी नांगराचा आकार. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात तिच्या नावांची माळ दिली आहे. तीत अग्निशिखा आहे, विशल्या आहे आणि गर्भनुत्, म्हणजे गर्भ पाडणारी, हेही आहे. रसशास्त्राने ज्या सात वनस्पतिज द्रव्यांना उपविषे म्हटले, त्यांत रुई, निवडुंग, धोतरा, कण्हेर, गुंज व अफू ह्यांच्या रांगेत लांगली बसलेली आहे. येथे जाता जाता सांगतो, की ह्या यादीतील कण्हेरीचे संस्कृत नाव करवीर. आपल्या नगरीच्या नावाशी ते जुळावे, ही मला यादी वाचताना मोठी मौज वाटली. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी पुस्तके चाळताना असे लहान लाभ होतात. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माझ्यासारख्याला ते मोठे वाटतात.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक उपाय सांगितला आहे. बाळ जन्मले पण वार पडत नसेल, तर लांगलीच्या मुळाचा लेप बाळंतिणीच्या तळहातांना व तळपायांना लावावा. लक्षात घ्यावे, की पोटात द्यावा असे येथे म्हटलेले नाही. लेप लावावा असे म्हटले आहे. ह्या लेपाने वार पडत असे की नाही हा वैद्यांचा प्रश्न आहे. परंतु ज्याने हे लिहिले त्याला कंद किती जहाल आहे ह्याची कल्पना होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते. पुढे ह्याच कंदाला घरोघरच्या सुइणींच्या हाती जो प्रवास घडला, त्यात हा सावधपणा टिकला नाही.

हा प्रवास सांगितल्याशिवाय कळलावीचा इतिहास पुरा होत नाही, आणि तो सांगताना आवाज थोडा खाली येतो. गर्भ पाडण्यासाठी हा कंद वापरीत, ही गोष्ट इंग्रजी अमलातील डॉक्टरांच्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. कोण वापरीत? नवऱ्यामागे सासरी राहिलेली, केशवपन झालेली, दुसरे लग्न न करता येणारी तरुण विधवा. तिच्यावर घरातल्याच कोणा पुरुषाचा हात पडे, आणि दिवस गेले की दोन वाटा उरत: विहीर किंवा कंद. कंद पोटात गेला की काही तासांत वांत्या व जुलाब सुरू होत. लक्षणे पटकीसारखीच. तेव्हा पटकीने गेली असे म्हणून चिता पेटविणे घरच्यांना कठीण नव्हते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात करणे व करविणे हा गुन्हा ठरविला, आणि त्यात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार झाली. पुरुषाचे नाव त्या कलमात शोधून सापडत नाही.

1863 साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई ह्यांनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय होती. तेथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. कंदाला व विहिरीला तिसरी वाट काढणारे हे पहिले मोठे काम होय. पुढे 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 1882 साली स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक लिहिले. आणि आपल्या संस्थानात शाहू छत्रपतींनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा करून अशा विवाहांची रीतसर नोंदणी चालू केली. आपण शाहू महाराजांची जयंती मिरवणुकांनी साजरी करतो. ह्या कायद्याने जी बाई कंदापर्यंत गेलीच नाही तिचे नाव मिरवणुकीत कोठे येणार? सगळ्या देशासाठी वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 साली झाला आणि 1972 च्या एप्रिलपासून तो अमलात आला. म्हणजे दंडसंहितेपासून शंभरांवर वर्षे ह्या वेलीचे एक कारण जिवंत राहिले.

आता थोडे दक्षिणेकडे जाऊ. तामिळांचे ह्या फुलावर जुने प्रेम आहे. त्यांच्या संघकाळातील कपिलर कवीच्या कुरिंजिप्पाट्टु ह्या काव्यात नव्याण्णव फुलांची प्रसिद्ध यादी आहे, तिचा आरंभच ह्या फुलाने, कांदळने, होतो. डोंगरचा देव मुरुगन, त्याचे हे फूल. आज ते तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे. आपण जिला दारातून हाकलली तिला त्यांनी राज्याचे मानचिन्ह केले.

मलबारात तिला मेंदोणी म्हणत. सतराव्या शतकात कोचीला डचांचा अंमल होता आणि हेंड्रिक व्हान ऱ्हीडे हा तेथला अधिकारी होता. त्याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करविला. हॉर्टस मलबारिकस, म्हणजे मलबारची बाग, ह्या नावाने तो 1678 ते 1693 ह्या काळात अॅम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात सातशेहून अधिक चित्रे आहेत. सातव्या खंडात मेंदोणीचे, म्हणजे आपल्या कळलावीचे, चित्र आहे. आता कोणत्याही मोठ्या इमारतीपुढे उभे राहिल्यावर मला जो प्रश्न पडतो तोच ह्या ग्रंथापुढे पडला: नाव ऱ्हीडेचे, पण काम कोणाचे? उत्तर ग्रंथातच आहे, हे ऱ्हीडेच्या बाजूने सांगितले पाहिजे. पहिल्या खंडात त्याने इट्टी अच्युतन् ह्या वैद्याचे प्रमाणपत्र छापले आहे. हा अच्युतन् ईळव समाजातला, म्हणजे त्या काळच्या मलबारात देवळाच्या वाटेवरूनही ज्याला जाऊ देत नसत अशा जातीतला. त्याच्या घराण्यातील पिढीजाद हस्तलिखित आणि त्याची स्मरणशक्ती, ह्यांवर ग्रंथाचा मोठा भार आहे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपूभट ह्या तीन कोकणी ब्राह्मणांचेही 1675 सालचे प्रमाणपत्र आहे. ते कोकणी भाषेत आणि देवनागरी लिपीत आहे. नागरी अक्षरे छापील पुस्तकात दिसण्याचा तो फार आरंभीचा प्रसंग होय. म्हणजे आपली लिपी छापखान्यात शिरली ती पोथीपुराणासाठी नव्हे, झाडपाल्याची साक्ष देण्यासाठी! आणि त्या साक्षीत ब्राह्मण व अस्पृश्य मानलेला वैद्य एकाच ग्रंथात शेजारी बसले. झाडे चढणारे, फांद्या तोडून आणणारे, चित्रकारापुढे ताजे फूल वेळेवर पोहोचविणारे असे कितीतरी लोक त्या कामी लागले असतील. पगारपत्रकावर असतील तेवढेच. लॅटिन भाषेतला हा ग्रंथ इंग्रजीत आणण्याचे काम केरळच्या के. एस. मणिलाल ह्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालून केले, आणि तो अनुवाद 2003 साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

युरोपात काही काळ ह्या वेलीला मेथोनिका म्हणत. मेंदोणीचा वास त्या नावाला आहे. पुढे स्वीडनच्या लिनियसने 1753 साली वनस्पतींना जी दोन शब्दी नावे दिली, त्यांत हिला ग्लोरिओसा सुपर्बा केले. तेजस्वी आणि दिमाखदार, असा त्याचा साधारण अर्थ. मलबारचे नाव गेले आणि लॅटिन नाव आले. साहेबाने नाव बदलले म्हणून मी ओरड करणार नाही, कारण जगभरच्या लोकांना एक नाव हवेच असते. पण भांडखोर म्हणणाऱ्या आपल्यापेक्षा फुलाकडे नुसते पाहून नाव ठेवणाऱ्याचे डोळे अधिक मोकळे होते, हे कबूल करणे भाग आहे. मुंबई इलाख्यात डाल्झेल व गिब्सन ह्यांचे वनस्पतींचे पुस्तक 1861 साली निघाले आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक ह्यांचे विस्तृत पुस्तक 1901 ते 1908 च्या दरम्यान. आपल्या जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ मात्र 2002 साली आला. तो शिवाजी विद्यापीठातील श्री. रं. यादव आणि म. म. सरदेसाई ह्यांचा. कोल्हापूरच्या माणसाने कोल्हापूरच्या झाडांची मोजदाद करावी, ह्याला एकविसावे शतक उजाडावे लागले.

आफ्रिकेत ह्या फुलाचा एक राजेशाही प्रसंग घडला. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना तिचा एकविसावा वाढदिवस आला. तेव्हा दक्षिण ऱ्होडेशियातील शाळकरी मुलांच्या वर्गणीतून तिला ह्या फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट दिली गेली. 1980 साली तो देश झिंबाब्वे म्हणून स्वतंत्र झाला. राणी गेली, देशाचे नाव बदलले, रस्त्यांची नावे बदलली. फूल मात्र तेच राष्ट्रीय फूल म्हणून राहिले.

आता कंदातील विषाकडे येऊ, कारण ह्या वेलीचे आजचे सगळे अर्थकारण त्या विषात आहे. फ्रान्समध्ये पेल्तिए व काव्हांतू ह्या दोघांनी 1820 साली एका युरोपीय फुलझाडातून एक द्रव्य काढले. ह्याच दोघांनी त्याच वर्षी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही वेगळे केले. पहिल्या द्रव्याला पुढे कोल्चिसीन नाव पडले. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात मरणप्राय ठणका उठविणारा जो वातरक्त नावाचा विकार, त्यावर ते गुणकारी होते. आपल्या कळलावीच्या कंदातून कलकत्त्याच्या वॉर्डन ह्यांनी 1880 साली सुपर्बिन नावाचे कडू द्रव्य काढले होते, परंतु कंदात कोल्चिसीनच आहे हे 1915 साली क्लुअर, ग्रीन व ट्यूटिन ह्यांनी दाखविले. वैद्य व सुईण शतकानुशतके जे द्रव्य नाव न घेता हाताळीत होते, त्याला तेव्हा नाव मिळाले.

हे द्रव्य करते काय? आपल्यापैकी ज्यांच्या घरातील कोणी शाहू मिलमध्ये होते त्यांना समजावणे सोपे आहे. 1906 साली शाहू छत्रपतींनी उभारलेल्या त्या गिरणीत चात्यांच्या रांगा होत्या. चाती फिरली तर सूत. थांबली तर खाते बंद. शरीरातील पेशीही एकाची दोन होताना आत बारीक धाग्यांची एक चाती उभी करते. मराठी शास्त्रीय पुस्तकांत तिला तर्कू म्हणतात, आणि तर्कू म्हणजे चातीच. त्या धाग्यांनी पेशीतील गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. कोल्चिसीन हे धागे जुळूच देत नाही. गुणसूत्रे दुप्पट होऊन बसतात, पण वाटणी होत नाही. शरीरात जेथे पेशी झपाट्याने वाढतात, म्हणजे आतड्यात, हाडांच्या मगजात, केसांच्या मुळांत, तेथे घाव प्रथम पडतो. म्हणून कंद खाणारा माणूस आधी वांत्या-जुलाबांनी खंगतो, त्यातून वाचला तर काही दिवसांनी त्याच्या रक्तातील पेशी घटतात, आणि त्याहूनही वाचला तर केस गळतात. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद उकडून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. मात्र हीच करामत 1937 साली अमेरिकेतील ब्लेकस्ली व एव्हरी ह्यांनी वनस्पतींवर जाणूनबुजून केली आणि दुप्पट गुणसूत्रांची झाडे बनविली. जपानच्या किहारा ह्यांनी बिनबियांचे कलिंगड काढले ते ह्याच मार्गाने. उन्हाळ्यात आपण जे बिनबियांचे कलिंगड चवीने खातो, त्याच्या पूर्वजांना हे विष पाजलेले असते.

औषधाच्या किमतीची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. अमेरिकेत कोल्चिसीनची एक गोळी सुमारे नऊ सेंटला मिळे. औषध इतके जुने, की त्याला सरकारची रीतसर मान्यता घेण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. 2009 साली एका कंपनीने परीक्षणे करून ती मान्यता मिळविली, तिला काही वर्षांची मक्तेदारी मिळाली, आणि गोळीची किंमत चार डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. म्हणजे पन्नासपटीहून अधिक. गोळी तीच, गुण तोच, रोगी तोच. 2023 साली हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठी लहान मात्रेत देण्यासही तेथे मान्यता मिळाली, तेव्हा मागणी वाढणारच.

ही मागणी पुरविणारी बाग कोठे आहे? तामिळनाडूत. तिरुप्पूर, दिंडीगल, करूर ह्या कोरड्या जिल्ह्यांत शेतकरी ही वेल तारांवर चढवून पिकवितात. पूर्वी रानातले कंद खणून विकले जात आणि त्यामुळे वेल कित्येक ठिकाणांहून नाहीशी होऊ लागली. शेतीत लागवड झाल्यावर कंदाऐवजी बियांचा व्यापार वाढला, कारण बियांत कोल्चिसीन अधिक असते आणि कंद जमिनीत शाबूत राहतो. परंतु फुलाची रचना अशी, की स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून परागांपासून दूर जाते. बी धरणे फुलपाखरांवर सोडले तर पीक कमी येते. म्हणून सकाळी फुलोफुली जाऊन हाताने पराग लावावे लागतात. हे काम बहुतेक बायका करतात. फूल उमलत राहील तोवर रोज, वाकून, ओळीमागून ओळ. बियांचा भाव व्यापारी ठरवितो, तो एका वर्षी चढतो व दुसऱ्या वर्षी कोसळतो, आणि शेतकऱ्याला तो विकायच्या वेळीच कळतो. उसाला निदान दराचा कायदा आहे आणि दरासाठी रस्त्यावर उतरण्याची आपल्या जिल्ह्याला सवय आहे. कळलावीच्या बियांना दोन्ही नाही. नऊ सेंटांचे चार डॉलर झाले तेव्हा परागण करणाऱ्या बाईच्या रोजात त्यातला कितवा भाग पोहोचला, हे गणित करावयास मोठे शिक्षण लागत नाही.

इतके सांगितल्यावर ही वेल बागेत लावावी की नाही, असे आपण विचाराल. लावावी, असे माझे मत आहे. कण्हेर आपण दारात लावतोच, आणि तीही त्याच सात उपविषांतली. मात्र लहान मुले व जनावरे पोहोचतील तेथे लावू नये, आणि रताळी-सुरणाच्या वाफ्याजवळ तर मुळीच नको. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, निदान नंतर हात स्वच्छ धुवावेत. औषध म्हणून तिचा कोणताही भाग घरी वापरू नये. वैद्य तो गोमूत्रात शुद्ध करून घेतात हे ऐकून कोणी प्रयोग करील तर तो जिवाशी खेळ होईल.

तिला ऊन हवे. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी पूर्वेची किंवा दक्षिणेची कुंपणाकडेची जागा उत्तम. वेलीचे डोके उन्हात आणि पाय सावलीत असावेत, म्हणून बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. पंचगंगेकाठची काळी जमीन उसाला कितीही चांगली असली तरी कळलावीला ती सोसत नाही. पाणी धरते आणि कंद कुजतो. पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती, थोडा मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करावा. कंद मृगाच्या सुमारास चार बोटे खोल, आडवा ठेवावा. प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा असतो. तो खुडला गेला तर ती भुजा फुकट, म्हणून कंद अंड्यासारखा जपून न्यावा. दोन कंदांत हातभर अंतर सोडावे आणि लावतानाच तुरकाठ्या किंवा तारेची जाळी उभी करावी, कारण कोंब वर आला की त्याचा तणावा लगेच आधार शोधू लागतो आणि न मिळाला तर वेल जमिनीवर लोळते. साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येतात, म्हणजे गौरी-गणपतीच्या आगेमागे. फुलांचा बहर ओसरला की पाणी तोडावे. वेल पिवळी पडू लागली म्हणून घाबरून पाणी घालणाऱ्यांचे कंद कुजतात. तिला त्या वेळी झोप हवी असते. जुना कंद दरवर्षी संपतो व त्याच्या जागी नवा तयार होतो, तो उन्हाळ्यात कोरडा राहिला पाहिजे. बियांपासूनही वेल होते, पण फूल पाहावयास तीन वर्षे थांबण्याची तयारी हवी.

कंद रानातून उकरून आणू नये. वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही उचलणे हा गुन्हा आहे हे तर खरेच, परंतु पन्हाळ्याच्या उतारावर ती जेथे दिसते तेथे पुढल्या भाद्रपदातही दिसावी. रोपवाटिकेत अग्निशिखा म्हणून विचारावे. कळलावी म्हटले की काही माळी अजूनही हसतात आणि घरात सासू-सून दोघी आहेत काय, असे विचारतात. कंद वैशाखात विकत घ्यावा, कागदात गुंडाळून कोरड्या जागी मुलांच्या हाताला येणार नाही असा ठेवावा, आणि पहिला पाऊस जमिनीत मुरला की लावावा.